न्हाणीत धरायचे दांडे बसवण्याआधी: आमच्या फोंड्याच्या घरातली तयारी

आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले आठ दिवसांनी घरी न्या, तेव्हा घरात सगळी धावपळ पलंगाची. उंच हवा का सखल, गादी कडक का मऊ, माझा भाऊ वास्कोहून रोज फोन करून तेच विचारतोय. न्हाणी कुणाच्याच डोक्यात नाही. शेवटी फिजिओथेरपीवाल्या मुलीने विचारलं, संडासात धरायला काय आहे? मी म्हटलं टॉवेलचा रॉड आहे की. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली घरी गेल्यावर तो एकदा ओढून बघा. मी घरी आले आणि चप्पल पण न काढता आत जाऊन ओढला, तर दुसऱ्या हिसक्याला रॉड माझ्या हातात, दोन स्क्रू, दोन प्लास्टिकचे प्लग आणि थोडी करडी भुकटी. म्हणून हे लिहून ठेवतेय, कारण आमच्यासारखी घरं गोव्यात गावोगाव आहेत आणि म्हातारी माणसं तर सगळ्याच घरांत.

पहिलं काम दुकानात जायचं नाही. पहिलं काम भिंत बघायचं. आमची आई रोज डोक्याला खोबरेल लावते, तिचा हात जिथे जिथे टेकतो तिथे पुसट तेलकट डाग असतो, इतकी वर्षं मी तो घासून काढत आले आणि कधी विचार केला नाही की हा काय आहे. त्या दिवशी टॉर्च तिरका धरून बघितलं तर तीन जागा स्पष्ट दिसल्या: दाराच्या चौकटीला आतल्या बाजूने, कमोडच्या उजवीकडे फ्लश टाकीच्या थोडं पुढे, आणि बालदीजवळच्या भिंतीला अगदी खाली, माझ्या गुडघ्याच्या जरा वर. म्हणजे आई आधीपासूनच भिंतीला धरून उठत होती, धरायला काही नव्हतं एवढंच. दांडा तिथेच बसवायचा, हात जिथे आपोआप जातो तिथे. नेटवरच्या चित्रात दाखवलाय तिथे नाही. तुमच्याकडे तेलाचे डाग नसतील तर दोन दिवस माणसाबरोबर आत जा (लाज वगैरे सोडा, नंतर पडल्यावर सगळेच आत जाणार आहेत) आणि हात टेकला की तिथे मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा.

मग मापं. आई अजून हॉस्पिटलात होती, म्हणून मी शिवणाची टेप पर्समध्ये घालून तिकडेच गेले. खुर्चीवर पाय जमिनीला टेकवून बसवली, जमिनीपासून गुडघ्यामागची खाच किती, कोपर किती, मूठ वळून हात पुढे केला की मूठ किती उंचीवर, हे सगळं डिस्चार्जच्या कागदामागे लिहून घेतलं. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, ब्लाऊज शिवताय का? मापं घ्यायचं कारण असं की देशोदेशीचे आकडेच एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या एडीए (अपंगांच्या सोयींसाठीचा कायदा) नियमात कमोडजवळचा आडवा दांडा जमिनीपासून ८४ ते ९१ सेंटिमीटरवर, इंग्लंडच्या नियमात कमोडच्या बाजूला खाली पाडायचा दांडा ६८ सेंटिमीटरवर. आमची आई चार फूट दहा इंच, ९१ सेंटिमीटरवरच्या दांड्याला ती लोंबकळली असती. आडव्या दांड्याचं काम खाली दाबून उठायचं, म्हणून सीटपासून वीस-पंचवीस सेंटिमीटर वर, कोपर थोडं वाकलेलं राहील असा, हे आमच्या आईला जमलं. सीटची उंची पण आधी ठरवा. खुब्याच्या ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना खूप खाली वाकून बसू नका असं सांगतात, त्यामुळे कमोडवर उंची वाढवणारी सीट बसवायची असेल तर ती आधी बसवा आणि मग दांड्याचं माप घ्या, उलटं केलंत तर दांडा मांडीशी येणार.

कुठली बाजू, हे पण विचारा. लकवा झालेल्या माणसाला चांगल्या हाताच्या बाजूला दांडा लागतो, आणि कमोडच्या त्या बाजूला भिंतच नसेल तर जमिनीवर किंवा मागच्या भिंतीला बसणारा, वर दुमडता येणारा दांडा घ्यावा लागतो. आमच्याकडे भिंत उजवीकडे होती आणि आईचा उजवा हात धड, नशीब.

न्हाणं हा वेगळा विषय, कारण परदेशी चित्रांत बाथटब असतो आणि आपल्याकडे बालदी, तांब्या आणि खाली पाट. पाट आता बंद, त्याला पर्याय नाही, कितीही रडारड झाली तरी. पाठ असलेली, पायांना रबर असलेली खुर्ची आणा आणि नळ बसून हाताला येईल असा करा, नाहीतर हँड शॉवर लावा. खुर्चीजवळ आडवा दांडा बसून धरायला आणि आत शिरताना उभा दांडा पायरी उतरायला. आमच्या जुन्या घरात न्हाणी मागच्या पडवीत, चार बोटं खाली, पूर्वी तिथे भाण (न्हाण्याचं पाणी तापवायचं मोठं भांडं) होतं, त्या चार बोटांच्या उतरणीवरच आई दोनदा घसरलीय. तिथला उभा दांडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि लोक नेमका तोच विसरतात. तिरका दांडा दिसायला छान, पण ओला साबणाचा हात त्यावरून खाली घसरत जातो, मला पटला नाही. एक आडवा एक उभा, किंवा एल आकाराचा एकच, एवढं पुरे.

आता भिंत कसली आहे ते. आमची चिऱ्याची, म्हणजे जांभा दगडाची. वरून टाईल, आत प्लास्टर, मग तांबडा चिरा, आणि चिरा म्हणजे एका ठिकाणी दगड तर दोन बोटं पलीकडे भोकं आणि माती. हिशोब करा: टाईल आठ-दहा मिलिमीटर, तिच्यामागचा माल आणि प्लास्टर मिळून आणखी पंचवीस-तीस, म्हणजे पहिले साडेतीन-चार सेंटिमीटर कामाचेच नाहीत. टॉवेल रॉडचा स्क्रू तेवढाच होता, म्हणून तर माझ्या हातात करडी भुकटी आली, तांबडी नाही, तो चिऱ्यापर्यंत पोचलाच नव्हता! ड्रिल मारताना खाली कागद धरा आणि रंग बघत राहा, आधी टाईलचा पांढरट किंवा विटकरी, मग करडा, मग तांबडा. तांबडा लागल्यावर पण निदान सहा-सात सेंटिमीटर आत जायला हवं. ड्रिल एकदम भसकन आत गेलं तर तिथे पोकळी आहे, भोक सोडा, जागा बदला.

आमचा मेस्त आधी म्हणाला लोखंडी अँकर फास्टनर ठोकतो, हत्तीला पण हलणार नाही. काँक्रीटला ते बरोबर आहे. पण तो अँकर फुगून बाजूच्या मालाला दाबतो आणि मऊ चिरा दाबला की आतून फुटतो, आज घट्ट वाटणार आणि पावसाळ्यानंतर डुलायला लागणार. मी केमिकल अँकर म्हटलं, म्हणजे भोकात घट्ट होणारं रेझिन भरून बोल्ट चिकटवायचा, त्याला ते नवीन नव्हतं, फक्त वेळखाऊ म्हणून टाळत होता. भोक मारायचं, ब्रशने आणि फुंकणीने भुकटी पूर्ण काढायची (हे काम कंटाळवाणं आहे आणि ह्यातच सगळी मजबुती आहे, भुकटी राहिली तर रेझिन भुकटीला चिकटतं, भिंतीला नाही), भोकं मोठी निघाली तर जाळीची नळी घालायची, रेझिन भरायचं, बोल्ट घालायचा, आणि मग पाकिटावर लिहिलाय तेवढा वेळ हात लावायचा नाही. आम्ही पूर्ण एक दिवस सोडला. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर तो ब्लॉक काँक्रीटने भरून घ्या, किंवा बोल्ट आरपार काढून पलीकडून पत्र्याची जाड प्लेट आणि नट लावा, आणि पलीकडची बाजू पावसाची असेल तर ते भोक सिलिकॉनने बंद करा. बाथरूम नवीनच बांधत असाल तर मग काय, टाईल लावायच्या आधी त्या तीन जागी चिरा कोरून काँक्रीट भरून घ्या आणि फोटो काढून ठेवा, टेप बाजूला धरून.

भोकं मारण्याआधी पाइप कुठून गेलाय ते बघायचं, नळ आणि मिक्सरच्या सरळ वर आणि सरळ खाली मारायचंच नाही, गीझरची वायर पण तशीच, आणि मेन स्विच बंद. नाण्याने टाईल वाजवा, पोकळ बद्द वाजली तर ती टाईल फुटणार. टाईलवर टेप चिकटवून त्यावर खूण करायची, म्हणजे बिट घसरत नाही, आणि टाईल पार होईपर्यंत मशीनचा हॅमर बंद.

दांडा कुठला घ्यायचा, ह्यात दुकानदार चमक दाखवतो, तुम्ही जाडी बघा. सव्वा ते दीड इंच व्यास, आईला मूठ पूर्ण वळता आली पाहिजे. भिंत आणि दांडा ह्यात दीड इंच जागा, जास्त नको, कारण घसरताना हात कोपरापर्यंत आत जाऊन अडकू शकतो. एडीएच्या नियमात दांड्याने २५० पाऊंड म्हणजे ११३ किलो भार सोसायला हवा, तेवढं पॅकवर लिहिलेलं असेल तर घ्या. स्टेनलेस स्टील ३०४ ग्रेडचं चालतं, पण समुद्राजवळ राहत असाल, कळंगुट-कोलवा पट्ट्यात वगैरे, तर ३१६ मागा. त्यात मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेला टिकतं. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात, बघा चिकटत नाही म्हणजे ओरिजिनल, पण स्वस्तातलं २०२ पण चिकटत नाही, त्यामुळे ती परीक्षा काही कामाची नाही, बिलावर ग्रेड लिहून घ्या. स्क्रू आणि बोल्ट पण स्टेनलेसचेच, नाहीतर दांडा चकाचक आणि भिंतीला टेकणाऱ्या तबकडीखालून तांबडा ओघळ. आणि संडास धुवायचं ॲसिड त्यावर उडू द्यायचं नाही, ते स्टेनलेसला पण खातं.

रंगाचं एक राहिलं. मोतीबिंदू असलेल्या माणसाला पांढऱ्या टाईलवर चकचकीत स्टील दिसतच नाही. आम्ही दांड्याच्या मधल्या भागावर बॅडमिंटन रॅकेटची निळी ग्रिप गुंडाळली, दिसतं पण आणि घसरत पण नाही, फक्त महिन्या-दीड महिन्याने बदलायची, पावसात तर बुरशी लवकरच धरते.

चोखणीने चिकटणारे व्हॅक्यूमवाले दांडे नको म्हणजे नको. म्हापशाच्या मावशीने मागवला होता, तिचा टाईलच्या सांध्यावर आला, सकाळी बरा होता आणि संध्याकाळी बालदीत. तोल सांभाळायला पण त्याच्यावर विसंबू नका. भाड्याच्या घरात भोकं पाडू देत नसतील तर कमोडभोवती उभी राहणारी चौकट मिळते, ती परवडली.

दार. आमचं आत उघडायचं. आतला माणूस दाराला टेकून पडला तर दार उघडणार कसं, म्हणून बिजागऱ्या बदलून बाहेर उघडायचं केलं, आतली कडी काढली आणि बाहेरून नाण्याने फिरवता येतो तसला लॅच लावला. वॉकर दारातून जातो का हे पण आधीच बघा, आमचा जाईना, चौकटीला लावलेली एक पट्टी काढली तेव्हा जेमतेम गेला. रात्रीला पलंगापासून न्हाणीपर्यंत छोटे दिवे, त्यातला एक तरी बॅटरीचा, कारण जूनमध्ये लाईट कधी जाते हे सांगायला नको. पायपुसणं काढून टाका, अगदी आवडतं असलं तरी.

सगळं झाल्यावर आई घरी यायच्या आदल्या दिवशी भावाला बोलावलं, तो ब्याऐंशी किलोचा, त्याला प्रत्येक दांड्याला धरून पूर्ण वजन टाकून मागे झुकायला लावलं, मी बाजूला तबकडीवर बोट ठेवून. बोटाला थोडी जरी हालचाल लागली तर बोल्ट परत. उभ्या दांड्याचा खालचा बोल्ट हलला, मेस्ताला परत बोलावला, तो कुरकुरला, पण आला. सगळे दांडे एकदम बसवू नका. आम्ही आधी दोनच लावले आणि तिसऱ्याची जागा आईने आठवडाभर वापरून स्वतः दाखवली, माझ्या खुणेपासून चांगली वीतभर पुढे.

आणि टॉवेलसाठी हुक आधीच मारून घ्या, दाराच्या मागे, बसून हात पोचेल असा. आम्ही विसरलो. तिसऱ्या दिवशी आत गेले तर माझ्या एवढ्या मापं घेऊन बसवलेल्या दांड्यावर ओला टॉवेल, परकर आणि वर तांब्या उपडा अडकवलेला. विचारलं तर म्हणते, आगो, एवढा बरा दांडा बसवलास तो काय नुसता बघायला?