दह्याच्या डब्यात झेंडूची रोपं

दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर दसऱ्याच्या तारखेपासून नऊ-दहा आठवडे मागे मोजा आणि बी टाका. नागपुरात तेव्हा पावसाळा असतो, म्हणून डबे छपराखाली पण उजेडात ठेवा.

दह्याचे रिकामे डबे धुऊन तळाला तापल्या दाभणाने चार भोकं पाडा. आपल्याकडची काळी माती एकटी भरू नका. ओली झाली की ती चिकटते, वाळली की भेगाळते आणि कोवळं मूळ तुटतं. चाळलेली माती, जुनं शेणखत आणि वाळू समप्रमाणात घ्या. डब्यात दोन बिया, अर्धा सेंटीमीटर खोल. वरून पाणी ओतलं तर बी वाहून एका कडेला जातं. डबे पाण्याच्या परातीत ठेवा आणि वरची माती काळपट दिसली की लगेच काढा.

डबे संत्र्याच्या रिकाम्या पेटीत मांडून वर वर्तमानपत्र झाका. चार ते सात दिवसांत अंकुर दिसतो. त्याच दिवशी कागद काढाच, नाहीतर रोप उजेडाच्या ओढीने लांबट, पांढुरकं होतं.

सगळ्यात जास्त रोपं जातात ती मररोगाने. देठ मातीलगत तपकिरी, दोऱ्यासारखा बारीक होतो आणि रोप आडवं पडतं. हा रोग मातीतल्या बुरशीमुळे होतो आणि ती सतत ओल्या मातीत वाढते. बोटाला वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्या. डब्यात दोन्ही बिया उगवल्या तर अशक्त रोप उपटू नका, कात्रीने कापा. शेजारच्याची मुळं हलत नाहीत.

बीतून निघालेली पहिली दोन पानं सोडून चार-पाच खरी पानं आली की संध्याकाळी कुंडीत लावा.