अ‍ॅनेक्सिन-पीआय चाचणी: कर्करोगाच्या पेशी खरंच अपॉप्टोसिसने मेल्या का?

औषध टाकण्याआधी आपल्या पेशींत अपॉप्टोसिसची, म्हणजे पेशीच्या ठरवून होणाऱ्या मरणाची यंत्रणा कुठे मोडली आहे ते पाहून घ्या. हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही-१८ विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ला (बिघडलेल्या पेशीला मरायला लावणाऱ्या प्रथिनाला) सतत संपवत असतं, त्यामुळे पी५३ वाचवून काम करणारं नटलिन-३ तिथे फारसं चालत नाही. फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिका-पेशींच्या कर्करोगात बहुतेकदा १४ आणि १८ या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात, मरण रोखणारं बीसीएल-२ प्रथिन भरमसाट बनतं आणि जिने मरायला हवं ती पेशी तगून राहते. व्हेनेटोक्लॅक्स हे औषध नेमकं हेच प्रथिन अडवतं.

आता चाचणी. मरू लागलेल्या पेशीच्या पटलातलं फॉस्फॅटिडिलसेरीन बाहेरच्या बाजूला येतं, त्याला अ‍ॅनेक्सिन चिकटतं; पीआय (प्रोपिडियम आयोडाइड) हा रंग मात्र पटल फाटलेल्या पेशींतच शिरतो. प्लेटमधलं माध्यम फेकू नका. मेलेल्या पेशी त्यातच तरंगत असतात. चिकटून वाढणाऱ्या पेशी ट्रिप्सिनने हलक्या हाताने सोडवा आणि त्या माध्यमातच मिसळा. ३०० जी वेगाने ५ मिनिटं फिरवा, थंड पीबीएसने (फॉस्फेट घातलेल्या खारट द्रावणाने) दोनदा धुवा. बाइंडिंग बफरमध्ये (१० मिलिमोलर हेपेस, १४० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड, पीएच ७.४) मिलिलिटरला १० लाख पेशी करा. त्यातले १०० मायक्रोलिटर घेऊन अ‍ॅनेक्सिन-एफआयटीसी (चमकणारा रंग जोडलेलं अ‍ॅनेक्सिन) आणि पीआय ५-५ मायक्रोलिटर घाला. १५ मिनिटं अंधारात, खोलीच्या तापमानाला. मग ४०० मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) लावा. पीआय धुऊन काढायचं नाही.

सगळा खेळ कॅल्शियमचा आहे. ट्रिप्सिनमधलं ईडीटीए नीट धुतलं गेलं नाही तर ते कॅल्शियम पकडून ठेवतं, अ‍ॅनेक्सिन चिकटतच नाही आणि औषध निकामी वाटतं. उलट ट्रिप्सिन जास्त वेळ राहिलं की पटल फाटतं आणि धडधाकट पेशीही ‘मेलेल्या’ दिसतात.

बिनरंगाची, फक्त अ‍ॅनेक्सिनची आणि फक्त पीआयची अशा तीन नळ्या हव्यातच. त्यांच्याशिवाय कॉम्पेन्सेशन (एका रंगाची दुसऱ्यात मिसळलेली चमक वजा करणं) म्हणजे अंदाजपंचे. चाचणी चालते याच्या खात्रीसाठी जुरकॅट या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशींना अपॉप्टोसिस घडवणारं स्टॉरोस्पोरिन १ मायक्रोमोलर, ४ तास द्या. फक्त अ‍ॅनेक्सिन दिसलं तर सुरुवातीचा अपॉप्टोसिस. दोन्ही रंग दिसले तर उशिराचा अपॉप्टोसिस किंवा नेक्रोसिस (इजेने होणारं बेशिस्त मरण). एकाच वेळेच्या नमुन्यावरून ते वेगळं काढता येत नाही, म्हणून ६, १२ आणि २४ तासांचे नमुने घ्या.

वेस्टर्न ब्लॉटवर (आकारानुसार प्रथिनं वेगळी दाखवणाऱ्या चाचणीत) अपॉप्टोसिसमध्ये कॅस्पेज ही विकरं तोडतात ते पार्प प्रथिन ११६वरून ८९ किलोडाल्टनवर उतरलेलं दिसायला हवं. एमसीएफ-७ या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींत कॅस्पेज-३ नसतंच, तिथे कॅस्पेज-३चा पट्टा शोधत बसू नका, कॅस्पेज-७ पाहा.