वापरलेला फिश टँक नव्या माशांसाठी तयार करताना

जुना फिश टँक घेताना बहुतेकांचे लक्ष काचेवर आणि दिव्यावर असते. वास्तविक त्या सौद्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे फिल्टरमधला मळकट स्पंज. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू त्यावर वाढलेले असतात. विकणाऱ्याचे मासे धडधाकट असतील, तर तो स्पंज न धुता त्याच टाकीच्या पाण्यात बुडवून घरी आणावा आणि टाकी तयार होईपर्यंत बादलीत एअर पंपावर चालू ठेवावा. मासे रोगाने मेले असतील किंवा टाकी पडवीत कोरडी पडून असेल, तर मात्र त्याचा लोभ धरू नये.

टाकी सपाट जागी ठेवून पूर्ण भरावी आणि सांध्यांलगत कोरडा कागद अंथरून 24 तास पाहावे. कागद ओला झाला, तर आतील कडांचे जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण खरवडून नवे भरावे, कारण जुन्या थरावर नवे नीट चिकटत नाही. बुरशीनाशक मिसळलेले सिलिकॉन टाळावे. काचेवरचे पांढरे डाग व्हिनेगरने निघतात. साबण अजिबात वापरू नये.

दोन फूट लांब आणि एकेक फूट रुंद व उंच टाकीत सुमारे 56 लिटर पाणी मावते. काच आणि खडी धरून वजन सत्तर किलोच्या आसपास जाते. कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याने लोखंडी स्टँड रंगाखालून गंजतो, म्हणून वेल्डिंगचे जोड टोकरून पाहावेत. त्यापेक्षा चिऱ्यांचा समपातळीतला कट्टा भरवशाचा.

कोकणात खरी काळजी घ्यावी लागते ती पाण्याची. जांभ्यातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू व किंचित आम्लधर्मी असते आणि आम्लता वाढली की वर सांगितलेल्या जिवाणूंचे काम मंदावते. अशा वेळी तिसऱ्यांची चार-पाच शिंपले उकळून, घासून फिल्टरजवळ ठेवली, तर त्यांतला चुना हळूहळू विरघळून पाणी सावरते. किनाऱ्यावरची वाळू मात्र तळाला पसरू नये, कारण तिच्यात मीठ असते आणि शिंपल्यांचा चुराही बेहिशेबी असतो. नदीतले काळे गोटे चांगले. ज्या दगडावर व्हिनेगर टाकल्यावर फेस येतो, तो बाजूला काढावा. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होत असेल, तर मॉली जातीचे मासे ते सोसतात, टेट्रा जातीचे सोसत नाहीत. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल (जंतुनाशक क्लोरीनयुक्त) पावडर टाकली जाते आणि नळाच्या पाण्यातही क्लोरीन असतो, म्हणून पाणी उघड्या बादलीत एअर पंप लावून किमान 24 तास ठेवावे किंवा क्लोरीन घालवणारा, दुकानात मिळणारा हायपो प्रमाणात वापरावा. हे पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नये. मृदू पाण्यात तांबे माशांना अधिक बाधते.

जिवंत स्पंज नसेल, तर रोज चिमूटभर खाद्य टाकून रिकामी टाकी साधारण चार ते सहा आठवडे चालवावी आणि टेस्ट किटमध्ये अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसल्यावरच मासे आणावेत. स्पंज मिळाला असला, तरी सुरुवात चार-पाच गप्पींनी किंवा झेब्रा डॅनिओंनी करावी. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तिच्यात थोडे थोडे टाकीचे पाणी मिसळावे, मग मासे जाळीने सोडावेत. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये. हीटरची इकडे सहसा गरज पडत नाही.

एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा, नाहीतर वीज गेल्यावर पाणी नळीतून उलटे येऊन पंपात शिरते. वादळवाऱ्यात वीज बराच वेळ आली नाही, तर मगाने टाकीतलेच पाणी वरून हळूहळू ओतत राहावे आणि ती परत येईपर्यंत खाद्य देऊ नये.