कोलंबसला आलात? निवडणुकीचंही थोडं ऐकून घ्या

पुण्याहून इंडियाना राज्यातल्या या कोलंबसला, कमिन्स या इंजिनांच्या कंपनीत आलेल्यांची पहिली चौकशी ठरलेली असते. डाळ-तांदूळ कुठे मिळतात, जुनी गाडी कुठून घ्यायची, मुलांच्या शाळा कशा आहेत. निवडणुकीचं कुणी विचारत नाही. मग ऑक्टोबर उजाडतो, गल्लीत अंगणाअंगणात उमेदवारांच्या पाट्या उगवतात आणि फोन येतो, "काय हो, इथे सगळे ट्रम्पवालेच का?"

सगळे नाहीत, पण जास्त आहेत. आपल्या बार्थोलोम्यू काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) २०१६, २०२० आणि २०२४ या तिन्ही वेळी दहातली सहाएक मतं ट्रम्पना पडली. २००८ मध्ये ओबामांनी इंडियाना जिंकलं. १९६४ नंतर पहिल्यांदाच हे राज्य डेमोक्रॅटांकडे गेलं होतं, पण आपली काउंटी तेव्हाही रिपब्लिकन मॅककेनचीच राहिली. ट्रम्प यांचे पहिल्या वेळचे उपाध्यक्ष माइक पेन्स याच गावचे. २० जानेवारी २०२१ ला बायडन यांच्या शपथविधीला हजर राहून ते उतरले ते इथल्या छोट्याशा विमानतळावर.

एवढ्यावरून गावाचा हिशोब मात्र मांडू नका. ज्यांनी कमिन्स मोठी केली ते आयर्विन मिलरही रिपब्लिकनच होते. राष्ट्रीय चर्च परिषदेचे अध्यक्ष म्हणून ते नागरी हक्कांच्या बाजूने उभे राहिले. नामवंत वास्तुविशारदांची फी कंपनीच्या प्रतिष्ठानाने भरायची आणि गावाने शाळा बांधायच्या, ही कल्पना त्यांचीच. २०१५ मध्ये गव्हर्नर पेन्स यांनी धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यावर सही केली, धर्माच्या नावाखाली समलिंगी लोकांना डावललं जाईल अशी भीती होती, तेव्हा त्याला उघड विरोध करणाऱ्यांत त्यांच्याच गावची ही कंपनी होती. माझ्या मते इथला जुना रिपब्लिकन म्हणजे चर्च, धंदा आणि गावासाठी खिशात हात घालणारा माणूस. टीव्हीवर दिसतो त्याच्याशी तो दरवेळी जुळत नाही. आमच्या शेजारच्या आजोबांच्या अंगणात दर निवडणुकीला रिपब्लिकनांची मोठी लाल पाटी असते. आमचा ड्राइव्ह-वे बर्फाने भरला की फावडं घेऊन पहिले तेच येतात. पाटीवरून आमचं कधी बोलणं झालेलं नाही, आणि तुम्हीही स्वतःहून काढू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही एच-वन व्हिसावर असा, एल-वनवर असा किंवा ग्रीन कार्डवर, तुम्हाला मत नाही. लायसन्स काढायला बीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, जाल तेव्हा मतदार म्हणून नाव नोंदवायचं का, हे तिथे विचारतातच. १९९३ च्या कायद्याने ते विचारावंच लागतं. आपण सगळ्याला "येस, येस" म्हणत सुटलेलो असतो. इथे "नो" म्हणा आणि सही करण्याआधी फॉर्म पुन्हा वाचा. मी स्वतः त्या चौकटीवर पेन टेकवलं होतं. बायकोने कोपर मारलं म्हणून वाचलो. नागरिक नसताना नागरिक असल्याची खूण केली, तर ग्रीन कार्ड कायमचं हातचं जाऊ शकतं, देश सोडायची वेळही येऊ शकते. "चुकून झालं" हे सहसा कुणी ऐकून घेत नाही. उमेदवाराला देणगीचंही तसंच. ग्रीन कार्डवाल्यांना चालते, व्हिसावाल्यांना एक डॉलरही नाही, मग निवडणूक नगरपालिकेची का असेना.

सिटिझन झालात की मात्र आळस नको. इंडियानात मतदान कमीच होतं. २०१४ मध्ये मतदानास पात्र असलेल्यांपैकी जेमतेम २८ टक्के लोक आले, देशात सगळ्यात कमी. कारणं शोधायला लांब जायला नको. निवडणूक मंगळवारी, खाजगी नोकरीत सुट्टी नाही, केंद्र सकाळी ६ ला उघडतं आणि संध्याकाळी ६ ला बंद होतं. महाराष्ट्रातही सहालाच बंद होतं म्हणा, पण तिथे सुट्टी असते. माझं पहिलंच मत असं गेलं. मीटिंग लांबली, सहा वाजून दहा मिनिटांनी पोचलो, दार बंद. सहाच्या आधी रांगेत उभे असाल तर मत देता येतं, हेही तेव्हाच कळलं. त्यानंतर मी आगाऊ मतदानच करतो. नाव निवडणुकीच्या २९ दिवस आधी नोंदलेलं हवं आणि सोबत फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. अमेरिकन पासपोर्ट चालतो.

महापौर आणि नगरसेवकांची निवडणूक अध्यक्षांच्या निवडणुकीच्या आदल्या वर्षी होते, २०२३ मध्ये झाली, आता २०२७ मध्ये. त्या वर्षी वर मोठं नाव नसतं, म्हणून लोक फिरकतच नाहीत. रस्ते, बागा, नव्या वसाहतींच्या परवानग्या हे सगळं मात्र हीच माणसं ठरवतात. आणि गाव एका बाजूला झुकलेलं असल्याने खरी चुरस बरेचदा मे महिन्यातल्या प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, उरकते. इथे मतदार यादीत पक्षाची नोंद नसते. प्रायमरीला गेलात की कुठल्या पक्षाची मतपत्रिका हवी ते तिथे सांगायचं. मत गुप्त राहतं, पण कुठली पत्रिका घेतली ते नोंदीत जातं आणि कुणालाही पाहता येतं. कार्यकर्त्यांची पत्रं त्यावरूनच येतात, दचकू नका.

नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर सुरुवातीलाच प्रत्येक पक्षाची एक चौकट असते. ती रंगवली की त्या पक्षाच्या सगळ्यांना मत जातं. जवळपास सगळ्यांना, म्हणायला हवं. ज्या जागांवर पूर्ण शहरातून एकाहून जास्त जण निवडायचे असतात, तिथे वेगळी खूण करावी लागते. घाईत पुष्कळांचं तिथेच राहतं.

अजून एक, नागरिकत्वाची शपथ घेऊन महिना झाला नसेल त्यांच्यासाठी. तुमचं लायसन्स व्हिसावर असताना काढलेलं असेल, तर बीएमव्हीच्या लेखी तुम्ही अजून परकेच आहात. २०२४ च्या कायद्याने अशी नावं मतदार यादीशी ताडून पाहतात आणि नागरिकत्वाचा पुरावा ३० दिवसांत द्या म्हणून पत्र येतं. भारतात गेलेला असताना ते पत्र आलं तर पंचाईत. म्हणून प्रमाणपत्र हातात पडलं की आधी बीएमव्हीत जाऊन नोंद बदलून घ्या, पेढे नंतर वाटा.