जुने शिलाई मशीन घरी दुरुस्त करताना या चुका टाळा

जुने पायमशीन घरी आणले, की पहिल्याच संध्याकाळी त्यावर पडद्याची कड दुमडून पाहण्याची घाई होते, आणि टाका नीट पडला नाही की हात थेट स्क्रूड्रायव्हरकडे जातो. नात्यातली आणि शेजारपाजारची काळी मशीने बरीच वर्षे माझ्याकडे येत आहेत. त्यांतील बहुतेकांत मूळ बिघाड किरकोळ असतो. मोठा असतो तो दुरुस्तीच्या नावाखाली झालेला.

सर्वांत चीड आणणारी चूक बॉबिन केसच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याची रीळ (बॉबिन) ठेवायच्या डबीच्या, स्क्रूची आहे. कापडाच्या खालच्या अंगाला गुंता झाला, की दोष खालच्या दोऱ्याचा असे ठरवून तो इवलासा स्क्रू पिळला जातो. प्रत्यक्षात खाली दिसणारी ती वेटोळी वरच्या दोऱ्याची असतात. वरचा दोरा सैल राहिला, की शटल (खालचा फिरता आकडा) त्याला खाली नेते आणि तो पुन्हा पुरता वर खेचला जात नाही. तो सैल राहण्याचे कारण बहुधा एवढेच असते, की फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाया, खाली असताना दोरा ओवला गेला. वरच्या दोऱ्याला ताण देणाऱ्या टेन्शनच्या दोन चकत्या फूट वर उचलल्यावरच एकमेकींपासून सुटतात. एरवी दोरा त्यांच्या मध्ये न बसता कडेवर राहतो.

माझ्या मावसबहिणीने पुण्याच्या जुन्या बाजारातून एक मशीन आणले होते. गुंता होऊ लागल्यावर तिने तो स्क्रू आवळला, तेव्हा खालचा दोरा तुटू लागला. म्हणून ढिला केला, तेव्हा गुंता वाढला. असे आठवडाभर चालले आणि शेवटी मोहरीच्या दाण्याएवढा तो स्क्रू, दोरा दाबणाऱ्या पातळ पट्टीसकट, निघून सतरंजीवर पडला. मी गेलो तेव्हा घरातली सगळी मंडळी लोहचुंबक घेऊन सतरंजी विंचरत होती. पट्टी सापडली, स्क्रू सापडला नाही. नवी केस आणून बसवली, तरी गुंता तसाच. मग फूट उचलून दोरा पहिल्यापासून ओवला आणि टाका सरळ आला. तेव्हापासून मी त्या स्क्रूला हात लावण्याआधी त्याच्या खाचेसमोर नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवतो, आणि फिरवायची वेळ आलीच तर पाव फेऱ्याहून अधिक फिरवत नाही. भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवावी. ती आपल्या वजनाने घसरू नये, पण हलका हिसका दिल्यावर दोन बोटे खाली यावी.

दुसरी चूक घरातले तेल घालण्याची. एका ओळखीच्या काकूंचे मशीन डिसेंबरात सकाळी जाम होई आणि दुपारी उन्हात ठेवले की चाले, त्यामुळे त्याला थंडी बाधते असे त्या गंभीरपणे सांगत. आत वर्षानुवर्षे खोबरेल ओतलेले होते आणि ते गारव्याने गोठत होते. गोडेतेल त्याहून वाईट, कारण ते वाळून डिंकासारखे चिकट होते. अशा वेळी मी तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-दोन थेंब सोडतो, दोरा काढून आणि फूट उचलून चाक फिरवतो, बाहेर येणारा काळा मळ पुसतो, रात्रभर तसेच ठेवतो आणि सकाळी पुन्हा तेच करतो. खिडक्या उघड्या हव्यात आणि जवळपास शेगडी नको. त्यानंतरच मशीनचे पातळ पांढरे तेल घालावे आणि आधी चिंधीवर शिवून पाहावे. हे काम दोन दिवसांचे आहे. तासाभरात आटपायचे असेल तर मशीन उघडूच नये. सोनेरी नक्षी मात्र स्पिरिटने पुसू नये, तिच्यावरचे पॉलिश विरघळते.

मशीन टाके गाळू लागले तर सर्वांत आधी सुई बदलावी. शिंप्याच्या मोठ्या मशीनची गोल दांड्याची सुई घरगुती मशीनला चालत नाही. घरगुती सुईचा दांडा एका बाजूने चपटा असतो. सुईवरची लांब खाच ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला यावी. सुती कापडाला चौदा नंबर, जीन्सला सोळा किंवा अठरा.

कापड मागून ओढू नये, सुई वाकते. पायटा (पायाने चालवायची फळी) दाबताना चाक उलटे गेले तर दोरा तुटतो, तेव्हा नवशिक्यांनी आधी दोऱ्याशिवाय पाय बसवावा. हे कोणीही ऐकत नाही.

बॉबिन भरण्यासाठी चाकाची मधली चकती ढिली करतात. तिच्या आतला कानांचा वॉशर काढला, तर तो कसा बसला होता याचा आधी फोटो घ्यावा. तो अर्धा फेरा फिरून बसला, तर चाक सुटणे किंवा आवळले जाणे बंद होते, आणि लोक उगीच चाक फिरवणाऱ्या पट्ट्यावर संशय घेतात. पट्टा सैल झाला असला तरी एका वेळी अर्ध्या इंचाहून जास्त कापू नये. फार ताणलेल्या पट्ट्याने पायटा जड होतो.

आणल्या दिवशीच मोटर बसवणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की आधी पट्टा काढून चाक दोन बोटांनी फिरवून पाहावे. ते सहज फिरत नसेल, तर मोटर ते जड मशीन ओढत राहते, तापते आणि जळते, आणि आत रॉकेल मग घालावे लागतेच.