कॉर्क टेंट शिकताय? ओल्या पुठ्ठ्याच्या वासामागे धावू नका

ताडोबाकडे रिसॉर्टमध्ये सर्व्हिसला लागलेल्या अन् आता वाईन शिकायच्या मागे लागलेल्या पोरापोरींसाठी लिहितोय. बाटली कशी उघडायची, होस्टला, म्हणजे टेबलावर बाटली मागवणाऱ्याला, आधी थोडीशीच का ओततात, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय, कॉर्क टेंट, म्हणजे कॉर्कमुळे वाईनला लागणारा दोष, कारण तिच्यात मी लय दिवस अडकून होतो अन् नीट सांगणारं कोणी नव्हतं. सांगणार तरी कोण, चंद्रपूर जिल्ह्यात 2015 पासून 2021 पर्यंत दारूबंदी होती, त्या काळात इथं वाईन उघडायला शिकवणारा सिनियर कुठून भेटणार.

सगळीकडे एकच वाचायला मिळतं की कॉर्क लागलेल्या वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास येतो. येतो ना, जास्त लागली असेल तर येतो, बाटली उघडताच बाजूच्या स्टुअर्डलाही कळतं, त्यात शिकण्यासारखं काही नाही. खरी पंचाईत थोडीशी लागलेल्या बाटलीची आहे. तिच्यात पुठ्ठा-बिठ्ठा काही येत नाही. फळाचा वास गायब, तोंडात पाणचट, आंबटपणा अन् तुरटपणा तेवढा उघडा पडलेला, घोट गिळला की विषय संपला. मीठ विसरलेल्या वरणासारखं, बाकी सगळं जागेवर पण खावंसं वाटत नाही. गेस्ट "ठीक आहे" म्हणतो, अर्धी बाटली तशीच ठेवून उठतो, अन् आपण समजतो वाईनच साधी होती.

असं काहून होतं ते समजून घ्या, इथं घाई करू नका. दोष टीसीए नावाच्या पदार्थाचा, पूर्ण नाव 2,4,6-ट्रायक्लोरोॲनिसोल. कॉर्क म्हणजे झाडाची साल, तिच्यावरची बुरशी क्लोरीनवाल्या रसायनांच्या संपर्कात आली की हा तयार होतो. लिटरमागे 2 ते 5 नॅनोग्रॅम एवढ्यातही तो जाणवू शकतो. अन् मुख्य मुद्दा हा, 2013 मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की टीसीए नाकातल्या वास पकडणाऱ्या पेशींचं कामच दाबून टाकतो. म्हणजे त्याचा स्वतःचा वास यायच्या आधीच बाकीचे वास बारीक होतात. म्हणून थोड्या लागलेल्या बाटलीत वाईट वास शोधू नका, जे असायला पाहिजे होतं ते कुठे गेलं ते शोधा.

आणि "असायला पाहिजे होतं" ते माहीत असेल तरच शोधता येईल. इथंच सगळे मार खातात. माझं डोकं उघडलं ते एकाच बॉक्समधल्या कॅबर्ने या रेड वाईनच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ओतल्या तेव्हा. एका ग्लासात जांभूळ, थोडी मिरी, लाकडाचा वास. दुसऱ्याचा रंग अगदी तोच, पण नाकाला जवळपास काहीच नाही. दोन्ही ग्लास तसेच राहू दिले. पहिला हळूहळू फुलला, अन् दुसऱ्यातून अर्ध्या तासाने पावसात भिजलेल्या बारदान्याचा बारीक वास यायला लागला. एवढी एक तुलना दहा व्हिडिओंपेक्षा जास्त शिकवते. अरोमा किटवर, म्हणजे वाईनमधल्या वासांचे नमुने असलेल्या कुप्यांच्या संचावर, पैसे घालू नका हे माझं स्पष्ट मत आहे. ब्लॅककरंट आपण कधी खाल्लं? टेंभरं, बोरं, जांभळं, करवंदं खाल्लीत ना, तीच वहीत लिहा.

पहिला वास सगळ्यात खरा. चार-पाच वेळा हुंगलं की नाकाला सवय होते अन् मग काही कळत नाही. नाही कळलं तर घाबरू नका, जरा बाहेर जाऊन या अन् पुन्हा घ्या. काही लोकांना टीसीए कमीच जाणवतो, पण फळ दबलंय हे त्यांनाही शिकता येतं. वय 21 च्या आत असेल तर चाखायचं नाही, नुसत्या वासावरही बरंच शिकता येतं.

आता गफलत कुठे होते ते सांगतो. वाईन फार थंड असली तरी वास दबतो, म्हणून ग्लास तळहातात धरून थोडी कोमट होऊ द्या. थंडीमुळे असेल तर ती खुलेल, टीसीए असेल तर उलट बिघडेल. सडक्या अंड्याचा किंवा काडेपेटीचा वास गंधकाचा, तो ग्लास फिरवला की बरेचदा उडतो. अन् आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे मे महिन्याचा 45 डिग्रीचा ताप. तापलेल्या बाटलीचा कॉर्क वर सरकतो, फॉइलखाली चिकट लागतं, वाईनला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येतो. तो कॉर्कचा दोष नाही, आपल्या स्टोअररूमचा आहे.

कॉर्क हुंगून ऐटीत मान हलवणारा सिनियर भेटला तर त्याच्याकडून बाकी सगळं शिका, हे नका शिकू. कॉर्कला वास आला म्हणजे वाईन गेली असं नाही, अन् नाही आला म्हणजे चांगली असंही नाही. कॉर्कच्या टोकाला बारीक खडे दिसले तर ते टार्टरेटचे, म्हणजे वाईनमधल्याच आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. आणि कॉर्कऐवजी स्क्रूकॅप, म्हणजे फिरवून उघडायचं झाकण, आहे म्हणून शंभर टक्के निश्चिंत होऊ नका, वाईनरीतल्या लाकडातून किंवा पिंपातूनही टीसीए लागू शकतो, क्वचित होतं पण होतं.

शंका असेल तर स्टाफरूममध्ये ग्लासात साध्या पॉलिथिनचा तुकडा बुडवून ठेवा. पॉलिथिन टीसीए शोषतं, थोड्या वेळाने फळ परत आल्यासारखं वाटलं तर शंका बरोबर होती. बाकीची चवही थोडी ओढली जाते, म्हणून हे शिकायपुरतंच, गेस्टच्या ग्लासात कधीच नाही.

गेस्टशी वाद तर अजिबात घालायचा नाही. टीसीएने या प्रमाणात तब्येतीला काही होत नाही, पण म्हणून "चालतंय सर, पिऊन टाका" म्हणणं सरळसरळ फसवणूक आहे. टेबलावर व्याख्यान न देता दुसरी बाटली उघडा. पहिलीत होईल तेवढी वाईन राहू द्या, तोच कॉर्क परत लावा, बॅच नंबरचा फोटो काढा अन् त्याच दिवशी सप्लायरला कळवा. फक्त बाटली सप्लायरकडे परत पाठवायच्या आधी घोटभर एका ग्लासात काढून, बाजूला चांगल्या बाटलीतली ठेवून, नवीन लागलेल्या पोरांना बोलवा.