राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या सुधारणा कशा ताडून पाहाव्यात: थायलंड, व्हिएतनाम आणि इंडोनेशिया

शेजारी देशांच्या आरोग्य विम्याची तुलना ‘किती टक्के लोक विमाधारक झाले’ या आकड्यापासून सुरू करू नये. कार्ड किती जणांच्या हाती आहे, एवढेच तो सांगतो. आजारपणात पदरचे किती घालावे लागतात, हे सांगत नाही. त्याऐवजी जिला ठरावीक पगार नाही आणि जी सरकारी यादीत गरीबही ठरत नाही, अशी एखादी फेरीवाली डोळ्यांसमोर ठेवावी आणि तिचा हप्ता कोण भरते, हे प्रत्येक देशात शोधावे. नोकरदारांचा हप्ता पगारातून कापता येतो, गरिबांचा सरकार भरते. सुधारणेचा खरा कस लागतो तो या मधल्या वर्गापाशी.

थायलंडने २००२ च्या कायद्याने या वर्गाला हप्ताच लावला नाही. सरकारी कर्मचारी आणि सामाजिक सुरक्षा योजनेतील कामगार वगळता बाकी सर्वांचा खर्च करांच्या उत्पन्नातून होऊ लागला आणि रुग्णाकडून प्रत्येक भेटीला ३० बाट घेतले जाऊ लागले. व्हिएतनामने हप्ता ठेवला. पण २०१४ च्या दुरुस्तीने अशा लोकांची नोंदणी कुटुंबवार केली. पहिल्या सदस्याच्या तुलनेत दुसऱ्याला ७० टक्के, तिसऱ्याला ६० टक्के, असा हप्ता उतरत जातो, त्यामुळे घरातील फक्त आजारी माणसाचाच विमा उतरवण्याला आळा बसतो. इंडोनेशियात २०१४ पासून अशा लोकांनी स्वतः नोंदणी करून दरमहा हप्ता भरायचा असतो. तेथे उपचारांची गरज असलेले आधी आले, अनेकांचे हप्ते थकले आणि योजना तुटीत गेली. जानेवारी २०२० पासून लागू झालेली हप्त्यांची दरवाढ तेथील सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, तेव्हा सरकारला त्याच वर्षी नवा आदेश काढून दर पुन्हा वाढवावे लागले. माझ्या मते या तिन्ही देशांतील सर्वांत बोलका फरक हाच आहे.

यानंतर रुग्णालयांना पैसे कसे मिळतात, हे पाहावे. माणशी ठरावीक रक्कम मिळत असेल तर खर्च आवाक्यात राहतो, मात्र उपचारांत हात आखडता घेतला जाण्याची भीती असते.

शेवटी एक महागडा, दीर्घकाळ चालणारा उपचार निवडून तो योजनेत कधी आला, हे तपासावे. थायलंडच्या योजनेत डायलिसिस सुरुवातीला नव्हते; २००८ मध्ये ते आले, तेही घरी करता येणाऱ्या पोटाच्या डायलिसिसला अग्रक्रम देऊन. योजनेत काय येते, हे असे बदलत जाते; म्हणून तुलनेचा तक्ता करताना देशाच्या नावाशेजारी वर्षही लिहावे आणि तिन्ही देशांसाठी शक्यतो एकाच वर्षाची माहिती घ्यावी.